जिन्यातल्या पाण्याच्या रेघा

शनिवारी संध्याकाळी देवदत्तकाकांनी जिन्याखालच्या सॉकेटमधला प्लग खसकन उपटला. प्लगला एक चपटी काळी डबी होती आणि तिच्यावरचा लाल दिवा मघापासून त्यांच्याकडेच बघत होता. ही डबी आपलं बोलणं टिपतेय, याविषयी काकांना तिळमात्र शंका नव्हती. मांजर्लीतल्या त्या तीनमजली इमारतीत असलं काही ठेवणारं माणूस एकच, दुसऱ्या मजल्यावरची किर्ती.

किर्ती विद्यापीठात फिल्म, व्हिडिओ आणि फोटोग्राफी शिकते. ‘फोटो काढायला पदवी?’ हे अख्ख्या बिल्डिंगने तिला एकेकदा विचारून घेतलेलं आहे. पहिल्या वर्षी तिने बादलीचे फोटो काढले. नुसत्या बादलीचे, सकाळ-दुपार-संध्याकाळ. आई म्हणाली, “उद्या कुणाच्या लग्नात काय, बादलीचाच आल्बम करणार?” किर्ती म्हणाली, “उजेड बघायला शिकतेय गं.” तेव्हापासून त्या घरात पाणी भरायचं तरी बादली तिला विचारून उचलतात.

यंदा तिने विषय घेतला जिन्याचा. या इमारतीची एक रीत आहे. उल्हास नदी घरात येऊन गेली, की चिखल उपसायच्या आधी कुणीतरी जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ ओढतं आणि शेजारी साल लिहितं. सव्वीस जुलैची रेघ सगळ्यात वर. पोरं तिच्याशी उंची मोजतात. किर्तीचं डोकं सातवीत तिच्या वर निघालं, तेव्हा घरात शिरा झाला होता.

नेमक्या त्याच रेघा काकांनी, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींनी, गेल्या आठवड्यात पांढऱ्या रंगाखाली गाडल्या. तळमजल्यावरचा त्यांचा फ्लॅट विकायला निघाला होता. गुडघे आता चिखल उपसायला तयार नव्हते, आणि रविवारी अंबरनाथहून गिऱ्हाईक यायचं होतं.

“काका, रेघा कुठे गेल्या?” किर्तीने विचारलं होतं.

“रंगकाम गं. सोसायटीचं.”

“एवढ्याच भिंतीचं?”

काकांनी खाकरून विषय बदलला. किर्ती म्हणाली, “रविवारी इथे कॅमेरा लावते हं. मी मध्ये बोलणार नाही. शॉट चालू असताना कॅमेऱ्यामागच्याने तोंड उघडायचं नाही, हा आमचा पहिला धडा.”

रविवारच का? काका तेव्हापासून तिच्यावर नजर ठेवून होते.

रविवारी कॅमेरा तीन पायांवर उभा होता आणि पायरीवर किर्ती, हनुवटीखाली हात. सारखी फाटकाकडे बघत होती.

“कुणाची वाट बघतेयस?”

“माझ्या वर्गातला सम्यक यायचाय. एक वस्तू आणतोय.”

वस्तू! काकांनी मनात सम्यकलाही कटात घेतलं.

सम्यकच्या आधी गिऱ्हाईक आलं, संतोष आणि नीलिमा, नवरा-बायको. ओटा बघितला, नळ सोडून बघितले, पंखे फिरवून बघितले. बाहेर पडताना नीलिमा जिन्यापाशी थबकली. “काका, नदी जवळच दिसते. पाणी येतं का हो इथे?”

‘छे, रस्त्यापर्यंतसुद्धा नाही,’ हे उत्तर काकांनी आरशासमोर घोटून ठेवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि समोर ती काळी गोल काच दिसली. मागे किर्ती गप्प. अगदी धड्यातल्यासारखी गप्प. काकांच्या डोळ्यांपुढे विद्यापीठाचा हॉल आला, भिंतीएवढा पडदा आणि पडद्यावर थापा मारणारे भिंतीएवढे आपण.

“येतं,” काका म्हणाले. हात आपोआप खांद्याशी गेला. “सव्वीस जुलैला इथवर. नंतरही आलं, जरा खाली. तांदळाचे डबे तेवढे माळ्यावर ठेवायचे. बाकी बिल्डिंग झकास.”

संतोषने बायकोकडे बघितलं. “विचार करून कळवतो,” म्हणाला. ज्याने मुलीसाठी चार स्थळं बघितली आहेत, त्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

दोघांच्या मागे फाटक वाजलं. काका धपकन पायरीवर बसले.

“झालं तुझ्या मनासारखं? आलं ना सगळं नीट तुझ्या त्या कॅमेऱ्यात?”

“कॅमेरा बंदच आहे काका. सम्यक दुसरी बॅटरी आणतोय, माझ्या बॅटरीचा चार्जर काल तुम्हीच उपटलात.”