मावशींचा दोरा

पाटसला आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशी कुठलंही फाटकं कापड हातात घेतलं की "व्हतंय की, त्यात काय" म्हणतात. माझ्या पँटी वाढत्या पोटाबरोबर त्यांनीच निभावून नेल्यात.

लेकीचा शर्यतीचा स्विमसूट स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी फाटला, तेव्हा तिला घेऊन मी त्यांच्याकडेच पळालो. मावशींनी तो शिवला आणि दोन्ही हातांनी ताणून पाहिला. शिवण टिकली, पण शेजारचं कापड फाटलं. पुन्हा शिवला, पुन्हा तेच.

"तलावातल्या औषधानं पार विरलंय," त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. "दुसरा हाय का?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी सुईत नवा दोरा ओवला.

"मावशी, होईल ना?" लेकीनं विचारलं.

मावशींनी दोऱ्याचं टोक ओठांत धरलं आणि शिवून होईपर्यंत सोडलं नाही.