हरलेल्या पटावरचा वजीर

पटाबाहेर गेलेल्या मोहऱ्यांकडे कोण बघतं? बुद्धिबळाच्या लीगमधला माझा डाव मी वजीर घालवून हरलो आणि संघाची सगळी भिस्त शेवटच्या पटावरच्या सुलभाताईंवर आली. हात मागे बांधून मी बघत राहिलो. त्यांचं एक प्यादं रखडत का होईना, शेवटच्या घरात पोचलं. एक वजीर त्यांच्याकडे होताच. घड्याळ थांबवून त्या पंचांना म्हणाल्या, “सर, अजून एक वजीर लागेल.”

पंचांनी तो माझ्या पटाशेजारून उचलला. मी घालवलेला, तोच! दोन चालींत मात झाली, लीग आमची झाली. संघात हरणंसुद्धा पुरतं एकट्याचं उरत नाही, असं वाटून मी टाळ्या पिटत सुटलो.

आवराआवर करताना ताईंनी तो माझ्या हातावर ठेवला. “घ्या तुमचा वजीर. जिंकून आणलाय.”