पहिला झेंडू

व्हॅनिलाचा वास आला की मला चौक गावातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. नुकतंच लग्न झालेलं, कपकेकवर क्रीमची फुलं काढायला मी तेव्हा शिकत होते. पहिला केशरी झेंडू जमला, तोच सासूबाईंनी तो कपकेक उचलून देवापुढे ठेवला. "फूल हाय ना गं, पयलं देवाला." केकमध्ये अंडं होतं, आणि सासूबाई तर अंड्याला शिवतही नसत. सांगावं की नको, या घोळात मी क्रीमची पिशवी दाबतच राहिले आणि ओट्यावर केशरी ढीग झाला. तोवर त्यांनी अर्धा कपकेक प्रसाद म्हणून खाल्ला, अर्धा माझ्या तोंडात घातला. "कसा हलका झालाय गं!" अंड्याचं सांगायचं राहूनच गेलं, आता त्या नाहीत. पहिलं फूल मीही देवापुढेच ठेवते, पण पीठ फेटताना हातात अंडं घेऊन दर वेळी तशीच उभी राहते.