पेजेपुरता तांदूळ

आमच्या हिर्डोशीकडं तांदूळ कुणी पिशवीवरचं वाचून घेत नाही. मूठभर तळहातावर घ्यायचा, चोळायचा, फुंकर मारायची आणि एक दाणा दाढेखाली धरायचा. तो मऊ शिजणार की मोकळा, ते दाढ सांगते. भोरच्या बाजारात माझ्या दाढेला मान आहे. शेजारीपाजारी मला तांदूळ घ्यायला सोबत नेतात आणि मीही वरबापासारखा पुढं पुढं चालतो.

ही दाढ घेऊन मी बायकोसह जर्मनीला मुलीकडं राहायला गेलो. तिथं काही दिवसांतच बायकोचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी औषध दिलं, हलकं काहीतरी खाऊ घाला म्हणाले. पण पाव असो की सूप, पोटात काही ठरेना. चेहरा पार उतरला. मुलीला त्या दिवशी कामासाठी दुसऱ्या गावी जाणं भागच होतं, ती संध्याकाळी येणार होती. घरात आम्ही दोघंच.

"अवो, वाईच पेज करा," भिंतीकडं तोंड करून बायको म्हणाली.

गावाहून आणलेला इंद्रायणी संपला होता. डब्यात बासमती होता.

"त्याचा वास नगं, मळमळतंय. मऊ तांदूळ बघा कुठं गावला तर. तुमची दाढ हाय की!"

अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, पण टोमणा शाबूत होता.

कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तांदळाच्या पुड्यांची अख्खी फळी, पण सगळ्या पुड्या सीलबंद. माझा मोबाईल भोरच्या कार्डाचा, मुलीच्या घराबाहेर पडला की मुका. मग चित्रं बघत सुटलो. एका पुडीवर वाटीभर दूध आणि वर लाल फळं. बिघडलेल्या पोटाला दूध कसं चालेल, म्हणून ती परत ठेवली. तो दुधात शिजवायचा मऊ तांदूळ, आपल्या इंद्रायणीचा तिकडचा चुलतभाऊच, हे मुलीनं मागाहून सांगितलं. तेव्हा मला कोण सांगणार?

शेवटी एक पुडी उचलली. कानाशी हलवली, नाकाशी धरली. प्लास्टिकचा वास आला. मग मला राहवलं नाही. कोपरा नखानं फाडला, दाणा काढला आणि दाढेखाली धरला. कट्! काचेचा तुकडाच. याची पेज सात जन्मात व्हायची नाही.

मान वर केली तर समोर दुकानातली बाई. साधारण माझ्याच वयाची. ती फाटक्या पुडीकडं बघत होती, मग कच्चा तांदूळ चावणाऱ्या तोंडाकडं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा एकदम मवाळ झाला. आत गेली, एक पाव आणून तिनं माझ्या हातात ठेवला आणि खा, खा अशी खूण केली.

मी नको म्हणून मान हलवली. पोटावर हात ठेवून घराकडं बोट दाखवलं. म्हणजे बायको आजारी. तिला वाटलं, भूक फार लागलीय. तिनं पावाचा तुकडा मोडून दिला. ज्याच्या घरी भाताच्या कणग्या भरलेल्या, तो मी त्या फळीसमोर उभा राहून पाव खात होतो. खाऊन होईपर्यंत ती बाई हलेचना. घरी बायको उपाशी आणि इथं मी घासामागून घास गिळतोय.

पुडी मीच फाडलेली, ती सोडून कसं यायचं? नको असलेला तांदूळ विकत घेऊन घरी आलो.

बराच वेळ उकळला. पळीनं घोटला, ठेचला. दाणे शिपायांसारखे ताठ, एकमेकांना शिवायला तयार नाहीत.

"झाली का वो पेज?"

"होतीय, होतीय."

शेवटी वरचं पांढुरकं पाणी गाळलं, मीठ घातलं आणि वाटी तिच्या तोंडाला लावली. ती दोन घोट प्याली.

"ह्यात तांदूळ कुठं हाय?"

"आधी पाणी पी. तांदूळ मागनं येतोय."

"एसटीनं?"

अजून दोन घोट घेऊन ती कलंडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, जणू माझ्या हाताच्या धाकानं तेवढं पाणी आत राहणार होतं.

"हात काडा, वझं हुतंय."

हात काढला. मग उशाशी बसून तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिनं जराशी कूस बदलली तरी मी उलटीसाठी ठेवलेली बादली पुढं सरकवायचो.