न लावलेला कौल

आमच्या घरच्या देवभोळेपणाची मला चीड होती, हे आधीच सांगून टाकतो. माझी पुतणी पारू तेव्हा अकरा वर्षांची. चालताना तिचे गुडघे एकमेकांवर घासत, पावलं बाहेर फाकत आणि ती तोंडावर पडे. मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, वाढ चालू आहे तोवरच गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. पुढं उपयोग नाही. भाऊ फौजेत, त्याचा होकार पत्रानं आलेला. पण वहिनी अडून बसली. "भावजी, कौल घेतल्याबिगर पोरीला सुरी लावू देनार न्हाई."

मूर्तीला फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. याच कौलाविरुद्ध पत्रक काढून मी ते वडूजच्या बाजारात वाटलं होतं. आमच्या गुरवाला त्यात 'अंधाराचा दलाल' म्हटलं होतं. तरी वहिनी आणि पारूबरोबर देवळात गेलो, दात खात. डावं पडलं तर पोरीचा जन्म गेला, एवढंच डोक्यात होतं.

गुरव फुलं घेऊन गाभाऱ्याकडं निघाला, तेवढ्यात त्याला पारू चालताना दिसली. तो थांबला. फुलं ताटात ठेवली आणि त्यानं धोतर गुडघ्यावर घेतलं. तेच आत वळलेले गुडघे, सुजून कडक झालेले. या माणसावर मी पानभर लिहिलं होतं. तो चालतो कसा, हे कधी पाहिलंच नव्हतं.

"बाई, ह्या पायांसाटी मी जलमभर कौल लावला. लय येळा उजवं पडलं," तो म्हणाला. "पोरीचा मी लावनार न्हाई. यष्टी गाठा." मग माझ्यावर खेकसला, "काय रं पत्रकवाल्या, बघत काय बसलायस? उचल की पोरीला!"

वहिनी डोळे पुसत उठली.

डॉक्टरांनी गुडघ्यांच्या आतल्या बाजूला धातूचे चिमटे बसवले. म्हणाले, "मी फक्त ही बाजू थोपवून धरलीय. दुसरी वाढेल तसा पाय सरळ होईल. वाढवणं माझ्या हातात नाही." मला सगळं भांडून मिळवायची सवय, आता दर महिन्याला नुसतं बघत राहायचं होतं. ते फार जड गेलं.

दीड वर्षानं चिमटे काढले. नंतर एकदा डॉक्टरांनी पारूला सरळ उभं केलं. गुडघे जुळले, घोटेही जुळले. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात माझे हात आपसूक जोडले गेले. डॉक्टरांना, गुरवाला, की तिला वाढवणाऱ्याला, ते मी ठरवत बसलो नाही.