नाना दुसरीत होते तेव्हा

"तुमचे सासरे फारच हळू बोलतात हो. घशाचा काही त्रास आहे का आधीपासून?" नांदेडच्या दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, आणि मी नि संजय एकमेकांकडे बघून हसायलाच लागलो. अतिदक्षता विभागाच्या दारात मुलगा नि सून हसतायत म्हटल्यावर ती बिचारी चपापली. तिला काय सांगणार? आत पडलेल्या माणसानं हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या लिलावाची बोली पुकारण्यात उभा जन्म घालवला होता. नानांनी पुकारा केला की रस्त्यापलीकडचा चहावाला "आणतो, आणतो" म्हणून ओरडायचा. जेवताना त्यांनी मीठ मागितलं तर शेजारच्या घरातली बाई दचकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गेले. त्याला आता दीड महिना होईल... पण ते हळू बोलायला कसे लागले, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझी मुलगी ओवी शाळेत जायला लागली, तशा तिला सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. रिक्षा उलटली तर? मॅडमनी नाव विचारलं आणि मला आठवलंच नाही तर? मी घरी येईपर्यंत आई मेली तर? एकाचं उत्तर दिलं की पुढचा 'तर' तयार. आणि 'तर' संपले की हातपाय सुरू. डबा फेकायची, शाळेच्या फाटकाचे गज धरून किंचाळायची. एकदा तिचा हात सोडवायला गेलेल्या रिक्षावाल्या काकांना ती अशी कडकडून चावली, की त्यांनी आमच्या गल्लीत येणंच सोडलं. शाळेतून निरोप आला, असंच चालणार असेल तर मुलीला घरीच ठेवा. नातेवाइकांचं औषध ठरलेलं होतं, दोन ठेवून द्या. सासूबाईंच्या मीठमिरच्या ओवाळून झाल्या. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये रडायचे, तोंड धुवायचे आणि पुन्हा फायलींपुढे येऊन बसायचे.

शेवटी नांदेडच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नाना हट्टानं बरोबर आले. बाई म्हणाल्या, ही नाटकं नाहीत, पोरगी खरोखर घाबरते. चिडते, मारते, तेव्हाही ती घाबरलेलीच असते. अशा वेळी घरात कोणीही आवाज चढवायचा नाही. संजयनं नानांकडे पाहिलं. मी पाहिलं. ओवीनंही पाहिलं.

"माझ्याकडं काहून बघून राहिले सगळे?" नाना म्हणाले, ते इतक्या जोरात की बाहेर बसलेल्या एका पेशंटनं दार लोटून आत डोकावलं.

पण नानांनी मनावर घेतलं. ते घरात कुजबुजायला लागले, आणि हळूहळू ती कुजबुज मोंढ्यापर्यंत गेली. व्यापारी कानाशी हात नेऊन "काय म्हणले, नाना?" असं विचारायचे. एकानं ज्येष्ठमध आणून दिला, एकानं घशाच्या डॉक्टरचा पत्ता. नानांना घशात काहीतरी मोठं निघालंय, असं गावभर झालं. कळमनुरीची आत्या भेटायला आली ती गळ्यात पडून रडायलाच लागली. "अगं, मला काई झालं न्हाई. लेकरासाठी हळू बोलून राहिलो," नाना कुजबुजले. ती कुजबुज ऐकून आत्या आणखीनच रडली.

ओवीला शाळेत एकेक पायरीनं न्या, असं बाईंनी सांगितलं होतं. आधी नुसतं कोपऱ्यापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग व्हरांड्यात. मला नोकरी, म्हणून नानांनी लिलाव संजयवर सोपवला आणि हे काम स्वतःकडे घेतलं. व्हरांड्यापर्यंत जमलं, पण पुढं ओवी एकटी वर्गात शिरेना. तोवर ती दुसरीत गेली होती. मग मॅडमची परवानगी काढून नाना तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायला लागले. बाक एवढासा, नानांचे गुडघे हनुवटीला. मॅडमनी फळ्यावर गणित घातलं की पोरांनी बोटं उघडायच्या आत मागून उत्तर यायचं. "नाना, हात वर करून बोलायचं," मॅडमनी समज दिली, तेव्हापासून नाना हात वर करायचे. ओवी घडीघडी मागं वळायची, नाना दिसले की पुन्हा फळ्याकडं. सगळेच दिवस बरे नसायचे. एकदा काहीतरी बिनसलं आणि ती बाकाखाली शिरली, ती निघेचना. नानाही धोतर सावरत फरशीवर आडवे झाले. मधली सुट्टी होईपर्यंत दोघं तिथंच होते. काय बोलले ते वर्गात कुणालाच कळलं नाही, कारण नाना खरोखरच हळू बोलत होते.

मग दिवाळीनंतरच्या एका दुपारी नानांना वर्गात झोप लागली. झोपेत आवाजावर ताबा कुठला! ते असे घोरायला लागले की वर्ग आधी दचकला आणि मग हसत सुटला. ओवीही हसली. पण घरी येताना ती गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाली, "नाना, उद्यापासून तुमी येऊ नका."

"काहून गं?"

"मला लाज वाटते."

तिला घरी सोडून नाना थेट मोंढ्यात गेले, पेढे घेऊन. आणि कितीतरी महिन्यांनी आपल्या जुन्या, खणखणीत आवाजात त्यांनी पुकारा केला, "माझ्या नातीला माझी लाज वाटून राहिली!" लोक पेढा तोंडात टाकायचे आणि काही न कळून नानांच्या पाठीवरून हात फिरवायचे. दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी उभी होते. ओवी आत गेली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

भीती त्यानं संपली नाही, ती तशी संपत नसते. म्हणून घरात नाना शेवटपर्यंत हळूच बोलत राहिले. ओवी आता पाचवीत आहे, अजूनही परीक्षेच्या आधी नखं कुरतडते, कधी दार आपटते. भीतीला दिवसभर मोकळं सोडू नका, तिला एक वेळ ठरवून द्या, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर सुचवलं होतं. म्हणून संध्याकाळी चहा झाला की आजोबा आणि नात ओट्यावर बसायचे. एकेकानं एक भीती सांगायची, आणि दुसऱ्यानं "काही होत नाही" म्हणायचं नाही, एवढा एकच नियम. नाना आधी ओवीसाठी खोट्या भीत्या रचायचे. पुढं खऱ्या यायला लागल्या. लिफ्टला ते घाबरतात आणि गुडघ्याच्या व्यायामाचं निमित्त करून जिने चढतात, हे आम्हाला तिथंच कळलं. सासूबाई आतून म्हणायच्या, "दोघंबी येडे झाले." गेल्या पावसाळ्यात एकदा नाना म्हणाले, "मला मरायची भीती वाटते गं." मी दारात थिजले. ओवीनं मात्र नियम मोडला नाही. डॉक्टरीणबाईंसारखा चेहरा करून तिनं विचारलं, "कुठं वाटते? पोटात का छातीत?" नानांनी नीट विचार केला. "गुडघ्यात," म्हणाले, आणि दोघं खदखदून हसले.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. त्या संध्याकाळी ओवी चहाची वेळ साधून ओट्यावर जाऊन बसली. तेवढ्यात संजय मोंढ्यातून आला. एवढ्या दिवसांत त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं. ओवी म्हणाली, "पप्पा, आज तुमचा नंबर." तो चपला न काढताच तिच्याजवळ बसला. मग म्हणाला, "मला एकट्याला सगळं जमंल का न्हाई, याची भीती वाटते." ओवी "काही होत नाही" म्हणाली नाही. नुसती त्याला टेकून बसली. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते, पुढं जावं की नाही या विचारात. इतक्यात मागून सासूबाई आल्या, मला बाजूला करून ओट्यावर गेल्या आणि ओवीला म्हणाल्या, "सरक जरा. माझाबी नंबर लाव."

ओवी सरकली.

"मला ना, पालीची लई भीती वाटते," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून हुंदके देऊन रडायला लागल्या.

पालीला त्या कधीच भ्यायल्या नाहीत, झाडूनं हाकलतात. पण नियम तो नियम... आमच्यापैकी कुणीही "काही होत नाही" म्हटलं नाही.