हानाचे बूट

काल नातीच्या मैत्रिणींनी दाराबाहेर बूट काढले. ओल्या चामड्याचा वास आला आणि नव्वदीला टेकलेल्या मला हाना आठवली.

युद्धाच्या काळात जवळच्या वळिवड्याच्या छावणीत आसऱ्याला आलेली पोलंडची माणसं राहायची. आई तिथं दूध घालायची. तिथली ज्यू पोर हाना, माझ्यासारखीच आठ वर्षांची, आमच्या उचगावच्या घरी खेळायला यायची. बूट काढायची, पण मांडीवर घेऊनच जेवायला बसायची. बुटांत काहीतरी लपवलंय, असा मला दाट संशय. आईला वेगळाच राग.

“आमी काय चोर हाय व्हय गं?”

मग छावणीत हानाला सांभाळणाऱ्या बाईंनी आईला सांगितलं. घरच्यांना धरायला सैनिक आले, तेव्हा ही एकटीच मागच्या दारानं निसटली, बर्फातून अनवाणी.

पुढच्या वेळी आई म्हणाली, “ऱ्हाऊ देत की बुटं तिच्यापाशी.” पण त्या दिवशी हानानं ते आपणहून बाहेर, माझ्या चपलांशेजारी ठेवले. घास तोंडात, नजर दाराकडं.

मी ताट उचललं आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. तेव्हा वाटलं, मी बूटच राखतेय. उंबऱ्यावर बसून जेवलं की धपाटा घालणाऱ्या आईनं त्या दिवशी तिथंच आणून भाकरी वाढली.